तीनशे दहावर अडकलेला आकडा

बत्तीस वर्षं मी लोखंडाला पट्ट्या चिकटवल्या. कोणी विचारलं, "तुम्ही नोकरीत काय करायचात?" तर मी हेच उत्तर देते आणि विचारणाऱ्याचा चेहरा बघते. बहुतेक जण "अच्छा, अच्छा" म्हणून चहाकडे वळतात. आमच्या विश्रांतवाडीच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांना तर आजही वाटतं की मी वॉशिंग मशीन दुरुस्त करायचे. मी त्यांचा गैरसमज दूर केलेला नाही, कारण एकदा त्यांचं मशीन मी खरंच दुरुस्त केलं होतं.

ह्या अंकाच्या संपादकांनी मला "एखादं यश लिहा" म्हणून सांगितलं. यश लिहिणारे पुण्यात पुष्कळ आहेत, त्यांना जागा अपुरी पडते. मी माझी एक चूक लिहिते. ती माझी एकटीची आहे आणि ती निवृत्त झाल्यानंतरची आहे, म्हणजे वरिष्ठांच्या नावावर खपवायचीही सोय नाही.

आधी धंदा समजावून सांगते. ती पट्टी म्हणजे स्ट्रेन गेज. नखाएवढा पातळ कागद, त्यावर केसासारख्या बारीक तारेची नागमोडी नक्षी. लोखंडावर वजन आलं की लोखंड ताणलं जातं. तुम्हाला दिसत नाही, पण ताणलं जातं. त्याला चिकटलेली पट्टीही ताणली जाते आणि तिच्या तारेतून जाणारी वीज किंचित बदलते. त्या बदलावरून वजन किती आलं ते कळतं. पट्टी चिकटवायची म्हणजे लोखंड पॉलिश पेपरने घासायचं, स्पिरिटने पुसायचं, गोंदाचा एक थेंब टाकायचा आणि वर अंगठा दाबून मिनिटभर श्वास रोखून बसायचं. एवढ्या वर्षांच्या गोंदाने माझ्या उजव्या अंगठ्याच्या रेषा गेल्या आहेत. बँकेतलं ठशाचं यंत्र मला ओळखत नाही.

आता खरी गोम. पट्टीतून येणारा विजेचा बदल एका व्होल्टचा हजारावा हिस्सा, फार तर दहा-वीस हजारांश. आणि तो मोजून संगणकात उतरवणारा जो खोका असतो, तो पाच व्होल्टपर्यंतच्या मापाचा. म्हणजे चिमूटभर केशर कोळशाच्या वखारीच्या काट्यावर ठेवण्यातला प्रकार, काटा हलायचाच नाही. म्हणून मध्ये एक वर्धक लावतात, तो इवल्याशा विजेला पाचशे पट, हजार पट मोठं करतो. किती पट, हे ठरवणं म्हणजेच आमची अक्कल. कमी पट केली तर काही दिसत नाही. जास्त केली तर वीज पाच व्होल्टच्या वर जाते, आणि पाचच्या वरचं खोक्याला दिसतच नाही. तो आपला "पाच, पाच, पाच" म्हणत बसतो. फूटपट्टीने माणसांची उंची मोजायला गेलात तर सगळं गाव एक फुटाचं भरेल, तसं.

हे मी शेकडो पोरांना शिकवलं. गिऱ्हाइकांनाही शिकवायचा प्रयत्न केला, पण गिऱ्हाईक ही वेगळी जात आहे. टेम्पोची बॉडी बांधणारे एक शेठ होते. चाचणी सुरू होण्याआधी त्यांनी वर्धकाला हळदकुंकू वाहिलं आणि मी हो-नाही म्हणायच्या आत त्याच्याच शेजारी नारळ फोडला. पाणी थेट तारांच्या जोडावर. पुढचा तासभर रिकामा टेम्पो आठ टन दाखवत होता. शेठ म्हणाले, "बघा, देवाने भरभरून दिलं." मी केस वाळवायचं यंत्र मागवलं आणि त्यांना गणपतीसमोर बसवून आले.

असो. आता मुद्द्याचं.

निवृत्त झाल्यावर मी आठवड्यातून दोन दिवस नितीनकडे जाऊ लागले. नितीन माझा जुना सहकारी, माझ्या हाताखाली पंधरा वर्षं काढलेला, आता स्वतःची मोजमापाची छोटी कामं घेतो. मितभाषी माणूस. माझ्या हाताखाली पंधरा वर्षं टिकायला मितभाषी असावंच लागतं, असं माझे यजमान म्हणतात.

एक दिवस त्याच्याकडे पाटणकर बाई आल्या. सदाशिव पेठेत मुलींना दोराचा मल्लखांब शिकवतात. वय साठीला टेकलेलं, बांधा उसासारखा, आणि बोलणं असं की समोरच्याने आपण काय चुकलो ते घरी जाऊन शोधावं. ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते: छताच्या हुकाला जाड सुती दोर टांगलेला असतो. मुली हातापायांनी दोर धरून चढतात, पायाच्या अंगठ्यात पकडून त्याचे वेढे घेतात, वरून एकदम सुटतात आणि जमिनीच्या हातभर आधी थांबतात. खाली गादी असते, पण ती बघणाऱ्यांच्या समाधानासाठी.

बाईंच्या व्यायामशाळेचं छत जुनं झालं होतं. त्यांना हॉलमध्ये लोखंडी चौकट उभी करून त्यावर नवा हूक लावायचा होता. कसबा पेठेतले शिंदेमामा ती बनवणार होते. तीन पिढ्यांचं लोहारकाम, आता वेल्डिंग. मामांनी सरळ विचारलं होतं, "झटका किती किलोचा बसतो ते सांगा, म्हणजे हूक किती जाड ठेवायचा ते ठरवतो." बाईंना तेच आमच्याकडून हवं होतं.

"मुलगी चाळीस किलोची असेल तर चाळीसच ना?" नितीनने विचारलं.

"तुम्ही कधी जिन्यावरून पडला आहात का?" बाई म्हणाल्या. "पडून बघा. मग चाळीसच का ते सांगा."

मला बाई आवडल्या.

जुन्या हुकाच्या आणि दोराच्या मध्ये बसवायला मामांनी हातभर लांबीची लोखंडी कडी करून दिली. तिच्यावर मी स्वतः चार गेज चिकटवले. मांडणी अशी केली की पाचशे किलोला बरोबर पाच व्होल्ट यावेत. व्यायामशाळेतली वीस-वीस किलोची वजनं एकेक करून दोनशेपर्यंत टांगली, आकडे चोख आले. मी खूश. मुली रांगेत उभ्या होत्या. बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे दोनदा पाहिलं होतं.

वजनं टांगायच्या आधीचीच गोष्ट. संगणकापाशी बसलेला नितीन म्हणाला होता, "मॅडम, कडी रिकामी असतानाच एकशे नव्वद दाखवतंय. लिहून ठेवू?"

हाताने चिकटवलेल्या पट्ट्यांचं हे नेहमीचं आहे. चिकटवताना एखादी जराशी ताणली जाते, आणि वजन नसतानाही आकडा दिसतो. त्यावर औषध म्हणून संगणकात एक बटण असतं. ते दाबलं की पडद्यावर शून्य दिसतं.

"लिहायचंय काय त्यात? शून्य करून टाक," मी म्हणाले. "मुली ताटकळल्यात."

त्याने शून्य केलं.

एकेकट्या मुली सुटल्या तेव्हा दोनशे वीस, दोनशे चौपन्न असे आकडे आले. मग बाईंनी तिघी-तिघींना एकाच दोरावर चढवलं, कारण प्रदर्शनात ते असतं. वरच्या दोघी धरून राहतात आणि खालची झटक्यात सुटते. पहिल्या तिघी: तीनशे दहा. दुसऱ्या तिघी: तीनशे दहा. तिसऱ्या: तीनशे नऊ. पुन्हा पहिल्या: तीनशे दहा. मी नाकावर चष्मा सारून म्हणाले, "वा." अहवालात वाक्य लिहिलं, ते मला पाठ आहे: "मोजमाप अत्यंत सातत्यपूर्ण असून जास्तीत जास्त भार तीनशे दहा किलो आढळला." खाली सही. झटक्यांच्या कामात तिप्पट ताकद धरतात, म्हणजे हूक साधारण एक टनाचा करावा, असंही वर सुचवलं. मामांनी चौकट उभी केली, मुली तिच्यावर चढू लागल्या, आणि मी तो विषय डोक्यातून काढून टाकला.

आठ महिने गेले.

आळंदी रोडच्या पुढे एक इंजिनिअरिंग कॉलेज आहे, तिथे मला अधूनमधून व्याख्यानाला बोलावतात. शेवटच्या वर्षाचा वर्ग. विषय तोच, पट्टीची वीज आणि खोक्याचं माप यांची जोडी कशी जमवायची. मी रंगात आले होते. मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला.

"मॅम, वजन नसतानाच आकडा दिसत असेल, म्हणजे ऑफसेट असेल, तर सॉफ्टवेअरमध्ये झीरो करायचा ना? मग रेंज परत फुल मिळते, राइट?"

"अजिबात नाही," मी म्हणाले. ही चूक सगळे करतात, म्हणून माझं उत्तर तयारच असतं. "भाजीवाल्याचा दहा किलोचा काटा आहे असं समज. त्यावर चार किलोची टोपली ठेवली आणि बटण दाबून शून्य केलं. पडद्यावर शून्य दिसेल. पण टोपली काट्यावरून उतरली का? काटा अजूनही ती चार किलो उचलूनच उभा आहे. आता भाजी किती मोजता येईल? सहाच किलो. सातवा किलो टाकलास तरी तो सहाच म्हणणार. आणि गंमत बघ, आपण दहावर डोळा ठेवून बसलेले असतो, सहावर अडकलाय हे कोणाच्या लक्षातही येत नाही. खरा आकडाच वाटतो तो. उदाहरण घ्या. माप पाचशे किलोचं, रिकामं असताना एकशे नव्वद..."

मी खडू घेऊन फळ्यावर पाचशे लिहिलं. खाली एकशे नव्वद लिहिलं. रेघ मारली. मनात आलं म्हणून ते आकडे घेतले होते, दुसरं काही नाही. रेघेखाली तीनशे दहा लिहिलं.

मी त्या फळ्याकडे किती वेळ बघत राहिले कोण जाणे. कोणीतरी "मॅम, पाणी?" म्हणालं. मी पर्स उचलली, "आज इथेच थांबू" म्हणाले आणि निघाले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, म्हणतात ना, ती बाई मी. त्या चारही वेळा काटा अडकला होता; एका किलोचा फरक म्हणजे नुसती आकड्याची थरथर. खरा झटका किती होता ते मला माहीत नव्हतं. साडेतीनशे असेल, सहाशे असेल. त्या आकड्यावर हूक बनला होता, आणि त्या हुकावर रोज संध्याकाळी मुली लटकत होत्या. दोन दिवसांनी, शनिवारी, त्यांच्या व्यायामशाळेच्या वर्धापनदिनाचं प्रदर्शन होतं. मला निमंत्रणही आलं होतं. पहिल्या रांगेचं.

रिक्षात बसून बाईंना फोन लावला. वाजत राहिला. सरावाच्या वेळी त्यांचा फोन कपाटात असतो. नितीनला लावला.

"नितीन, मल्लखांबाच्या कडीचं शून्य. करायच्या आधी किती होतं रे ते?"

पलीकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. "एकशे नव्वद. तुम्ही नको म्हणालात, पण मी माझ्या वहीत लिहिलं होतं."

"तीनशे दहा कुठून आलं, कळलं का?"

तो म्हणाला, "मी निघतो, मॅडम."

हूक काही पहिल्या झटक्याला तुटणार नाही, हे मला रिक्षात बसल्या बसल्याही कळत होतं. तिप्पट ताकद धरलेली असते, त्यातली थोडी कमी पडली तरी तो तग धरेल. पण लोखंड रोजचे झटके सोसत राहतं. वेल्डिंगच्या सांध्यात बारीक भेग पडते, ती कोणाला दिसत नाही, ती रोज थोडी वाढते, आणि मग एके दिवशी एका झटक्याला सांधा सुटतो. आठ महिन्यांचे झटके झाले होते. मी रिक्षावाल्याला म्हटलं, "भाऊ, जरा घाई करा." तो म्हणाला, "काकू, पुढचे उडाले तर करतो." संगमपुलावर वाहनं मुंगीच्या पायांनी सरकत होती, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा पुण्याच्या रहदारीला शिव्या न घालता नुसती हात जोडून बसले.

हॉलमध्ये शिरले तेव्हा तिघी दोरावर होत्या. खालची मुलगी सुटायच्या तयारीत होती.

"थांबवा," मी दारातूनच ओरडले. मी ओरडत नाही सहसा. मला गरज पडत नाही. "बाई, त्यांना सावकाश खाली उतरवा. सुटू नका म्हणावं."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग वर पाहिलं. एक शब्द न विचारता दोन बोटं उचलली, आणि मुली हळूहळू हात खाली घेत उतरल्या. गादीवर तिघींचे पाय टेकले तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. पुरता नाही, पण निम्मा पडला.

"बोला," बाई म्हणाल्या.

"माझा आकडा चुकलाय."

"कितीने?"

"माहीत नाही."

"मग चुकलाय कशावरून?"

"माहीत नाही म्हणूनच दोर उतरवा म्हणतेय. खरा झटका मी मोजलाच नाही. माझं यंत्र तीनशे दहाला अडकलं होतं आणि मी तेच खरं धरलं. चूक माझी आहे. नितीनने विचारलं होतं, मी त्याला गप्प केलं."

मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. तेवढ्यात नितीनही येऊन पोचला. बाई मुलींकडे वळल्या. "आज दोर नाही. सगळ्यांनी सूर्यनमस्कार." आणि मला म्हणाल्या, "प्रदर्शन परवा आहे. उद्या सकाळी आठ वाजता या. उशीर करू नका, एकदा झालाच आहे."

दुसऱ्या दिवशी आठला दहा मिनिटं कमी असताना आम्ही चौघं हॉलमध्ये होतो. बाई, मी, नितीन आणि शिंदेमामा. मामा सत्तरीचे, डोक्याला टोपी, चेहऱ्यावर कसलाच भाव नाही. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी मान हलवली, शिडीच्या घोड्यावर चढले आणि हुकाच्या बुडाशी जिथे वेल्डिंग होतं तिथला रंग घासून काढला.

भेग शोधायची एक साधी पद्धत आहे. सांध्यावर लाल द्रव फवारायचा, दहा मिनिटं मुरू द्यायचा, मग फडक्याने स्वच्छ पुसायचं आणि वर पांढरी भुकटी फवारायची. कुठे भेग असली तर आत शिरलेला लाल रंग हळूहळू वर येतो आणि पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. नितीनने फवारलं, पुसलं, पुन्हा फवारलं. मग वाट बघायची. मामा घोड्यावर, नितीन टॉर्च धरून, बाई हाताची घडी घालून, आणि मी खाली. नोकरीत कित्येक अशा चाचण्या मी डबा खाता खाता केल्या आहेत. त्या दिवशी मी डबा आणलाच नव्हता. रेघ आली तर ती मी आखलेली असणार होती, आणि तिच्याखाली आठ महिने बारा-तेरा वर्षांच्या पोरी लटकल्या असणार होत्या.

"काय दिसतंय?" मी तीनदा विचारलं.

"पांढरं," नितीन तीनदा म्हणाला.

वीस मिनिटांनी मामा म्हणाले, "ताई, काय नाय हितं. कोरं हाय. तुमी वर येऊन बघा पायजे तर." मी त्या वयात घोड्यावर चढले आणि बघितलं. सांधा दुधासारखा पांढरा. मी उतरले आणि सतरंजीवर बसले. डोळ्यांत पाणी आलं ते मी पुसलंही नाही. बाईंनी पाण्याचा तांब्या माझ्यापुढे ठेवला आणि दुसरीकडे बघत राहिल्या.

मामा उतरले, हात पुसले आणि म्हणाले, "तसं व्हनारच नव्हतं काही. हूक दोन टनाचा हाय."

"दोन? मी एक लिहिलं होतं."

"तुमी एक लिवलं. मी दोनचा केला."

"का?"

मामांनी टोपी सारखी केली. "तुमच्या कागदावर चार बार मोजलेलं हुतं. तीनशे दहा, तीनशे दहा, तीनशे नऊ, तीनशे दहा. आवो, पोरी येगळ्या, उडी येगळी. आमच्या दुकानात काटा हाय. त्याच्यावर एकच मानूस चार बार उभा ऱ्हायला तरी चार आकडे येत्यात. हितं लटकत्या पोरींचा आकडा हलंना. मला तवाच खटकलं. म्हटलं, जाऊ दे, डबल करून टाकू."

बत्तीस वर्षं. हजार पट मोठं करणारे वर्धक. आणि जी गोष्ट मी "अत्यंत सातत्यपूर्ण" म्हणून कौतुकाने लिहिली, तिच्यावरूनच ह्या माणसाने ओळखलं होतं की कुठेतरी पाणी मुरतंय.

"मग मामा, बोलला का नाहीत मला?"

"तुमची सही हुती ना खाली," मामा म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. त्यांना ते पुरेसं कारण वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर नोकरीत मीही लोकांना तशीच सवय लावली होती. माझ्या सहीनंतर कोणी काही विचारत नसे. मला त्याचा अभिमान होता.

मग आम्ही पुन्हा मोजायला घेतलं. कडी अडकवली. वर्धकाची पट कमी करून माप बाराशे किलोपर्यंत नेलं. रिकामी कडी एकशे नव्वदच दाखवत होती. ती आधी वीज अडवणारा एक छोटा रोधक जोडून तारेतच जवळपास शून्यावर आणली, म्हणजे टोपलीच काट्यावरून उतरवली. राहिलेला आकडा मी माझ्या हाताने वहीत लिहिला आणि नितीनला सही करायला लावली. तो म्हणाला, "माझी कशाला?" मी म्हणाले, "तू विचारतोस म्हणून."

शाळेला जायच्या आधी मुली आल्या होत्या. त्यांना बोलवायला मी वळले, तर पाटणकर बाई पदर खोचून दोराशी उभ्या. मी काही म्हणायच्या आत सरसर दोन पुरुष उंचीवर गेल्या. तिथून त्यांनी पकड सोडली, हातभर खाली आल्या, थांबल्या, दोराला दोन हिसके दिले आणि उतरल्या.

"अहो, तुम्ही कशाला? मुलींचं मोजायचंय," मी म्हणाले.

"रोजचंच आहे," बाई म्हणाल्या. "आधी मी लटकते. मग मुली. माझ्या बाईंची पद्धत होती, ती मी मोडली नाही."

"रोज?"

"रोज म्हणजे रोज."

आठ महिने, रोज संध्याकाळी, माझ्या त्या सहीवर पहिली ही बाई लटकत होती. काल मी दारात उभी राहून ओरडले तेव्हा तिला हे ठाऊक होतं, आणि तिने मला एका शब्दाने सुनावलं नव्हतं. मला त्या वेळी खरोखर वाटलं की सुनावलं असतं तर बरं झालं असतं.

मुली चढल्या. तिघी एका दोरावर, खालची सुटली. "चारशे अडतीस," नितीन म्हणाला. पुढच्या तिघी: चारशे सहा. त्यापुढच्या: चारशे एकाहत्तर. पडद्यावरची रेघ प्रत्येक वेळी वर जाऊन टोकदार होऊन खाली येत होती, कुठेही सपाट नाही. म्हणजे माझ्या हिशोबाने दीड टनाचा हूक लागला असता, आणि मी एकाचा सांगितला होता. मामांच्या दोन टनांत सगळं आरामात बसत होतं. मुलींना यातलं काही कळलं नाही. एकीने एवढंच विचारलं, "काकू, माझा नंबर सगळ्यात मोठा आला का?" मी म्हटलं, "हो, तुझाच." ती नाचत शाळेला गेली.

संध्याकाळी नवा अहवाल घेऊन बाईंकडे गेले. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं की आधीचा अहवाल चुकीचा आहे, तो वापरू नये, आणि का चुकला. बाईंनी तो उभ्याउभ्या वाचला, पहिल्यापासून शेवटपर्यंत. घडी घालून कपाटात ठेवला.

"उद्यापासून सात दिवस," त्या म्हणाल्या, "आधी तुम्ही लटकायचं."

मला वाटलं, थट्टा करताहेत. त्या कपाटाला कुलूप लावत होत्या.

"अहो बाई, मी त्रेसष्ट वर्षांची आहे. अडुसष्ट किलो वजन."

"दोन टनाचा आहे," बाई म्हणाल्या.

मी गेले. पहिला दिवस नेमका प्रदर्शनाचा. खुर्च्या मांडल्या जात होत्या, पाहुणे यायचे होते. बाईंनी पायाची पकड कशी घालायची ते दाखवलं, मला ती जमली नाही. मग मी दोन्ही हातांनी दोर धरला आणि पाय उचलले. तीन सेकंद. तळहात सोलवटले, खांदा कुरकुरला, आणि वर हुकाकडे बघायची हिंमत झाली नाही. मुली तोंडावर हात ठेवून हसत होत्या. मग मी उतरले आणि त्या चढल्या. प्रदर्शन उत्तम झालं. पहिल्या रांगेतल्या माझ्या खुर्चीवर शिंदेमामांना बसवलं आणि मी मागे उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी चार सेकंद. तिसऱ्या दिवशी हात इतके दुखत होते की घरी चहाचा कप यजमानांनी धरला. ते म्हणाले, "नको जाऊस, त्या बाई काय समन्स काढणार आहेत का?" मी गेले. पाचव्या दिवशी मी वर बघितलं.

सातव्या दिवशी मी दोर धरला, पाय उचलले, मनात दहापर्यंत आकडे मोजले आणि सुटले नाही. बाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"पुरे," त्या म्हणाल्या. "आता मुलींना चढू द्या."